चिंच-गुळाचे गणित : रीसलिंगची ओळख

सणावाराला आपल्या मंडळींच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक छोटासा वाद हमखास होतो. यजमान पहिल्या पिढीचे असतील, तर त्यांनी आणलेली वाइन बहुधा गोडसर असते. त्यांची मुले इथल्याच शाळेत शिकलेली आणि इथल्याच मित्रांबरोबर वाढलेली. ती बाटली उचलतात, लेबल वाचतात आणि म्हणतात, "बाबा, ही ट्रोकन नाहीये." सूर असा, की जणू बाबा पाहुण्यांसमोर बनियनवर येऊन बसले आहेत. बाबा म्हणतात, "मग काय आंबट पाणी प्यायचे?" आई म्हणते, "जेवण गार होतेय." वाद तिथे थांबतो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा सुरू होतो.

ती बाटली उंच, सडपातळ आणि लांब मानेची असेल, तर ती रीसलिंगची असण्याची शक्यता बरीच. जर्मनीत सर्वांत जास्त क्षेत्रावर लावले जाणारे हे पांढरे द्राक्ष. एकाच द्राक्षापासून लिंबासारखी चरचरीत कोरडी वाइनही होते आणि मधासारखी दाट, चमच्याने चाखावी अशी वाइनही होते. त्यामुळे बाबांचेही बरोबर आणि मुलांचेही बरोबर, असा निकाल मी इथेच देऊ शकलो असतो. पण आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला नुसता निकाल देऊन चैन पडत नाही, कारणमीमांसा लागते.

न पिणाऱ्या वाचकांनीही पान उलटू नये ही विनंती. हा लेख पिण्याच्या आग्रहासाठी नाही. द्राक्ष हे आपल्याकडचेही पीक आहे, आणि आपण जिथे घर केले त्या गावाच्या उतारावर काय पिकते हे माहीत असावे, एवढाच हेतू.

आपल्या गावचा उतार

स्टुटगार्टहून यू-सहा पकडून शेवटच्या थांब्यावर उतरले की गेर्लिंगेन. वर शिलरह्योहेवर बॉशचे मुख्यालय. आपल्यातली किती कुटुंबे त्या एका पत्त्यामुळे या भागात आली, हे मोजायला गेले तर मंडळाची अर्धी यादी वाचावी लागेल. खाली जुने गाव, आणि मधल्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर द्राक्षबागा. इथल्या द्राक्षमळ्याचे अधिकृत नाव 'गेर्लिंगर बोप्सर'. बागा थोड्या आहेत, पण आहेत.

या डोंगराला फळझाडांचा जुना लळा आहे. कवी फ्रीडरिश शिलर यांचे वडील योहान कास्पर शिलर शेजारच्या झोलिट्यूड राजवाड्याच्या बागांचे प्रमुख होते. ड्यूकसाठी त्यांनी तिथे फळझाडांची मोठी रोपवाटिका उभी केली, १७९५ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन गेर्लिंगेनमध्ये झाले. मुलगा जगभर गाजला. बापाने लावलेल्या झाडांची फळे लोकांनी मुकाट्याने खाल्ली. शेती करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एवढेच येते.

वुर्टेम्बेर्ग ही मुळात तांबड्या वाइनची भूमी. ट्रोलिंगर आणि लेम्बर्गर ही इथली घरची नावे. पण पांढऱ्या द्राक्षांत इथेही पहिला मान रीसलिंगचाच. द्राक्षबागायतदाराला बाकी जर्मनीत 'विन्त्सर' म्हणतात, आपल्या श्वाबी शेजाऱ्यांकडे तो 'वेंगर्टर' असतो. त्याच्या दाराला झाडू टांगलेला दिसला, तर ते घर नीट आवरत नाहीत असे समजू नये. ती 'बेझन', म्हणजे वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, स्वतःच्याच बागेतली वाइन आणि साधे जेवण विकण्याची परवानगी असलेली खाणावळ. पाव लिटरचा, कानाचा पेला म्हणजे 'फिर्टेले'. तो हातात घेऊन अनोळखी माणसांच्या टेबलावर 'इथे जागा आहे का?' एवढे विचारून बसायचे. श्वाबी माणूस बोलत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा बेझनमध्ये जाऊन बघावे.

एका जमाखर्चातला जन्म

रीसलिंगचा जन्मदाखला एका जमाखर्चाच्या नोंदीत सापडतो. काट्झेनएल्नबोगेन घराण्यातल्या काउंट योहान चौथ्याच्या रुसेल्सहाइम इथल्या हिशेबात १३ मार्च १४३५ या तारखेला द्राक्षमळ्यात लावायच्या 'रीसलिंग' रोपांसाठी बावीस शिलिंग खर्ची पडले आहेत. आज त्या गावाचे नाव ओपेल मोटारींमुळे माहीत आहे. राजेरजवाड्यांच्या लढाया विसरल्या गेल्या, कारकुनाने इमानाने लिहिलेली एक ओळ मात्र राहिली.

त्याचे आईबाप कोण, हे कळायला १९९८ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रियातील संशोधक फर्डिनांड रेग्नर यांनी डीएनए तपासणीतून दाखवले, की रीसलिंगच्या पालकांपैकी एक आहे 'हॉयनिश' नावाचे द्राक्ष. दुसऱ्या बाजूला ट्रामिनर आणि रानवेल यांचा संकर आहे. गंमत अशी, की हॉयनिश हे मध्ययुगात अगदी हलके, गरीब शेतकऱ्याने घरापुरते लावायचे द्राक्ष मानले जाई. त्याच हॉयनिशचे दुसरे अपत्य म्हणजे फ्रान्सचे शार्दोने. जगातल्या दोन मानाच्या पांढऱ्या वाइन एकाच दुर्लक्षित वेलीच्या पोटी जन्मल्या. कुळाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे या द्राक्षाला राजाश्रय मिळाला. ऱ्हाइन नदीकाठच्या योहानिसबेर्ग इथल्या मळ्यात १७२० च्या सुमारास फक्त रीसलिंगचीच मोठी लागवड झाली. १७८७ साली ट्रियरच्या शासकाने हलक्या वेली उपटून चांगल्या जातीच्या, मुख्यतः रीसलिंगच्या वेली लावण्याचा हुकूम काढला. योहानिसबेर्गचीच एक गोष्ट तिथले लोक आवडीने सांगतात. १७७५ साली तोडणीची परवानगी आणायला फुल्डाला गेलेला घोडेस्वार उशिरा परतला. तोवर घड वेलीवरच बुरशी धरून सुकू लागले होते. नाइलाजाने त्याच द्राक्षांची वाइन केली, आणि ती अप्रतिम निघाली! उशिरा तोडलेली म्हणून 'श्पेटलेझे'. घोडेस्वाराचा पुतळा आजही तिथे उभा आहे.

वेळेवर न येणाऱ्या निरोप्याचा पुतळा फक्त वाइनच्या गावातच उभा राहू शकतो.

गोड की आंबट?

आता मूळ वादाकडे येऊ. आपल्या घरची चिंच-गुळाची आमटी आठवा. त्यात गूळ असतो म्हणून तिला कोणी पक्वान्न म्हणत नाही. चिंच असते म्हणून ती कोणाला लोणच्यासारखी लागत नाही. गूळ कमी पडला तर तोंड वाकडे होते आणि चिंच कमी पडली तर आमटी मिळमिळीत होते. दोन्ही भरपूर असून एकमेकांना धरून असतील, तर तिसरीच चव जन्माला येते. रीसलिंगचे सारे रहस्य या एका वाटीत आहे.

रीसलिंग सावकाश पिकते. थंड रात्रींमुळे मण्यात साखर भरत असतानाही आम्ल टिकून राहते. त्यामुळे तयार वाइनमध्ये लिटरला सात-आठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त आम्ल सहज असते. आता साखरेचे बघू. द्राक्षरसात किती साखर आहे हे मोजायचे माप म्हणजे 'ओक्सले'. फॉर्त्सहाइमचे फर्डिनांड ओक्सले हे पेशाने सोनार आणि वृत्तीने संशोधक. त्यांनी रूढ केलेली कल्पना अगदी सोपी आहे: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. रस १०८० ग्रॅम भरला तर ८० ओक्सले.

अशा ८० ओक्सलेच्या रसात लिटरला साधारण १७५ ग्रॅम साखर असते. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. ढोबळ हिशेब असा, की १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल मिळते. सगळी साखर संपू दिली तर साधारण १० टक्क्यांच्या थोडी वर जाणारी कोरडी वाइन होते. पण ८ टक्क्यांवरच रस थंड करून, गाळून यीस्ट बाजूला काढले, तर १३६ ग्रॅम साखर खर्च झालेली असते आणि ३९ ग्रॅम उरते. ही उरलेली साखर म्हणजे वाइनचा गोडवा. तो वरून घातलेला नसतो, द्राक्षाचाच असतो. तुलनेसाठी सांगतो, कोलाच्या लिटरभरात शंभर ग्रॅमांहून जास्त साखर असते.

या गणितातून दुकानात वापरता येईल असा एक उपयोगी नियम निघतो. रीसलिंगची बाटली हातात घेतली की आधी अल्कोहोलचा आकडा वाचा. ७ ते ९ टक्के असेल तर वाइन बहुधा गोड. १२ किंवा १३ असेल तर बहुधा कोरडी. मधले आकडे मधले. जर्मन येत नसले तरी हा नियम चालतो.

लेबल वाचायचे कसे

गोंधळ होतो तो लेबलवर दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात म्हणून. पहिली गोष्ट बाटलीत किती साखर उरली याची. 'ट्रोकन' म्हणजे लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम, आणि तेही आम्ल तितके असेल तरच. नाहीतर मर्यादा ४ ग्रॅमची. कायद्यालाही चिंच-गुळाचे नाते मान्य आहे ते असे. 'हाल्बट्रोकन' १८ ग्रॅमांपर्यंत, 'लीबलिश' ४५ पर्यंत आणि त्यापुढे 'झ्यूस'. 'फाइनहेर्ब' या शब्दाला मात्र कायद्याची चौकट नाही. साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा थोडे गोडाकडे झुकणारे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरी गोष्ट तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकले होते याची. या पायऱ्यांची रचना मुख्यतः १९७१ च्या कायद्याने ठरवली: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे, आणि आइसवाइन. प्रत्येक पायरीला किमान ओक्सले किती, हे जात आणि प्रदेश पाहून ठरलेले असते. या वाइनमध्ये रसात साखर मिसळायला बंदी आहे. शेवटून दुसऱ्या लांबलचक नावातला 'ट्रोकन' कोरड्या वाइनसाठी नाही, तो सुकून मनुका झालेल्या मण्यांसाठी आहे. ही वाइन सर्वांत गोड. मण्यांवर एक विशिष्ट बुरशी चढते, ती साल झिरझिरीत करते, पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल, वास सगळे घट्ट होते. त्या बुरशीला जर्मन माणूस 'एडलफॉइले', म्हणजे खानदानी कूज म्हणतो. आपल्याकडे भुरी आणि डावण्याने बागा उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याला हे नाव ऐकवले, तर तो हात जोडेल. आइसवाइनला बुरशीची गरज नसते. उणे सात अंश किंवा त्याहून कडक थंडीत वेलीवरच गोठलेले मणी पहाटे तोडून लगेच दाबायचे, म्हणजे पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि घट्ट रस निथळतो.

आता लक्षात येईल, की 'श्पेटलेझे ट्रोकन' लिहिलेली बाटलीही असू शकते. द्राक्ष उशिरा, भरपूर पिकल्यावर तोडले आणि साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवले, एवढाच त्याचा अर्थ. पिकण्याची पायरी एक आणि उरलेला गोडवा दुसरा. हे दोन रकाने वेगळे ठेवले की निम्मे कोडे सुटते. काही बाटल्यांच्या गळ्यावर गरुड आणि लेबलवर 'ग्रोसेस गेवेक्स' किंवा नुसती 'गे-गे' ही अक्षरे दिसतील. ही व्हीडीपी या १९१० पासूनच्या उत्पादक संघटनेच्या सदस्यांची, निवडक मळ्यातली कोरडी वाइन. महाग असते आणि काही वर्षे थांबायची तयारी असेल तरच घ्यावी.

गोडाची बदनामी कशी झाली

एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या उत्तम रीसलिंगला बोर्दोच्या नामांकित वाइनच्या तोडीचा भाव मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाळणीचे तंत्र सुधारले आणि स्वस्त गोड वाइन हवी तितकी करता येऊ लागली. सपाट जमिनीत भराभर पिकणाऱ्या जाती लावल्या गेल्या. निळ्या बाटल्या आणि लीबफ्राउमिल्श जगभर गेले. त्यात रीसलिंगचा अंश फारसा नसेच, पण नाव मात्र सगळ्या जर्मन वाइनचे खराब झाले. १९८५ साली ऑस्ट्रियात वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचा गैरप्रकार उघडकीस आला आणि त्याचे धागे जर्मनीतल्या बाटल्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर सुसंस्कृत माणसाने ट्रोकनच प्यावी, ही समजूत पक्की झाली. आपल्या मुलांनी हीच समजूत शाळा-कॉलेजच्या मित्रांकडून उचलली आहे. त्यांचा दोष नाही. पण भेसळीचे पाप गुळाच्या माथी मारू नये, इतकेच म्हणणे.

रॉकेलचा वास

जुन्या रीसलिंगला कधीकधी एक वास येतो, त्याला इथले जाणकार 'पेट्रोलचा' म्हणतात. स्टोव्हच्या काळात वाढलेल्या मराठी माणसाला तो थेट रॉकेलचा वाटेल, आणि बाटली परत करावी असेही वाटेल. करू नका. द्राक्षातल्या कॅरोटीन वर्गातल्या द्रव्यांचे तुकडे होऊन वर्षानुवर्षे बाटलीत टीडीएन नावाचे संयुग तयार होते, त्याचा हा वास. मण्यांना ऊन जास्त लागले तर तो जास्त. म्हातारपणी तो थोडा असला तर शोभतो, कोवळ्या वाइनमध्ये ठळक असला तर दोष मानतात. तरुण रीसलिंगमध्ये मात्र हिरवे सफरचंद, लिंबाची साल, पीच, कधी पांढरी फुले असे वास आढळतात. पेल्याला नाक लावून डोळे मिटा आणि आपले शब्द वापरा. एखादीला कैरीचा वास येतो असे तुम्हाला वाटले, तर तुमचे काहीच चुकत नाही.

आपल्या ताटाबरोबर

आपल्या तिखट जेवणाबरोबर तांबडी, तुरट, १४ टक्क्यांची वाइन बहुधा जमत नाही. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात. याउलट ८-९ टक्क्यांची काबिनेट किंवा फाइनहेर्ब रीसलिंग ती आग शांत करते, आणि तिचे आम्ल तेलकटपणा कापते. तळलेली सुरमई, कोळंबीचे कालवण, झणझणीत मिसळ, अळूवडी, कोथिंबीरवडी यांच्याबरोबर ती घेऊन पाहावी. बाबांची गोडसर बाटली इथे जिंकते. माशाला नुसते हळद-मीठ लावून लिंबू पिळले असेल, तर ट्रोकन घ्यावी. तिथे मुले जिंकतात. फराळाचा नियम वेगळा आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. करंजी-अनारशाबरोबर म्हणून छोट्या पेल्यात आउसलेझे. चकली-चिवड्याबरोबर काबिनेट. बाटली साधारण ८ ते १० अंशांवर थंड असावी. बर्फासारखी केली तर वास झोपी जातो.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. वाइन 'नैसर्गिक' असली तरी त्यात अल्कोहोलच आहे. आरोग्याच्या दृष्टीने अगदी सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. औषध म्हणून कोणी प्यायला सांगू नये आणि न पिणाऱ्याला आग्रह करू नये. हल्ली निर्वात भांड्यात कमी तापमानाला अल्कोहोल उडवून केलेली बिनअल्कोहोलची रीसलिंग मिळते. आम्ल आणि वास भक्कम असल्यामुळे या द्राक्षाची अशी वाइन इतरांपेक्षा बरी लागते. मुलांसाठी आणि आजीसाठी वेंगर्टरकडचा ताजा द्राक्षरस आहेच.

नाशिकची पाहुणी

गेर्लिंगेन आणि नाशिक यांच्यात मला दोन धागे दिसतात. पहिला बॉशचा, नाशिकमध्ये तिचा मोठा कारखाना आहे, आणि जुन्या 'मायको' नावाचे मायको सर्कल आजही तिथे पत्ता सांगायला उपयोगी पडते. दुसरा धागा द्राक्षाचा.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, आपण जवळजवळ ४९ वर. इथे वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. तिथे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने फळ धरायचे, असे शेतकऱ्याने ऋतूंशी जमवून घेतले. थॉमसन सीडलेस, तासगावकडची तास-ए-गणेश, सोनाका ही आपली खाण्याची द्राक्षे. वाइनची जात वेगळी: मणी बारीक, साल जाड, बी असलेली. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन काढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने नाशिकला फ्रान्समधल्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जाती रुजवल्या. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाली. सुलाने पुढे रीसलिंगही लावून पाहिली आणि तिची वाइन बाजारात आणली.

परंतु तिथे खरी रुळली ती शेनिन. उन्हात मण्यातले मॅलिक आम्ल भराभर जळते, आणि थंडीवर वाढलेल्या रीसलिंगला ते मानवत नाही. शेनिनकडे आम्लाची शिल्लक मोठी, शिवाय तीही कोरडीपासून मधाळपर्यंत सगळी रूपे घेते. स्वभावाने ती रीसलिंगची बहीणच. भारतात गेल्यावर शेनिन ब्लां घेऊन पाहा. वुर्टेम्बेर्गमध्ये कमावलेली जीभ तिथेही उपयोगी पडेल.

कलमाने आणि संकराने माणूस निसर्गाशी कशी तडजोड करतो, त्याचे एक उदाहरण आपल्या दाराशी आहे. १९२९ साली आउगुस्ट हेरोल्ड यांनी लाउफेनला ट्रोलिंगर आणि रीसलिंग यांचा संकर केला. श्वाबी आई आणि ऱ्हाइनकडचा बाप. त्या पांढऱ्या द्राक्षाला वाइन्सबेर्गचे डॉक्टर-कवी युस्टिनुस केर्नर यांचे नाव देऊन 'केर्नर' म्हणतात. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे, म्हणजे आज ज्याला बोटुलिझम म्हणतात त्याचे, पहिले शास्त्रशुद्ध वर्णन याच केर्नरांनी केले. दुसऱ्या पिढीच्या आपल्या मुलांनी केर्नर जरूर चाखावी. दोन मुलुखांचे संस्कार घेऊन वाढलेले असूनही ते द्राक्ष कोणाची नक्कल वाटत नाही.

उतार टिकेल का?

आता शेवटची आणि माझ्या मते खरी गोष्ट. नेकार नदीकाठचे चढे मळे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. चुना-सिमेंट न वापरता, कोकणातल्या गडग्यासारखे दगडावर दगड रचून त्यांच्या भिंती उभ्या केल्या आहेत. तिथे ट्रॅक्टर जात नाही. छाटणी, बांधणी, फवारणी, तोडणी सगळे पाठीवर. यंत्राने कसलेल्या सपाट मळ्याला हेक्टरी वर्षाला काहीशे तास पुरतात, तिथे या पायऱ्यांना हजाराच्या आसपास लागतात. आणि सुपरमार्केटात बाटली तीन-चार युरोंना. हिशेब जमत नाही, म्हातारा वेंगर्टर थकतो, मुलगा कारखान्यात जातो, मळ्यात काटेरी झुडपे वाढतात आणि दोन पावसाळ्यांत भिंत ढासळते. वुर्टेम्बेर्गमधले बहुतेक छोटे बागायतदार सहकारी संस्थांच्या आधारावर उभे आहेत; प्रवरानगरची आठवण असलेल्या मराठी माणसाला त्यांची ताकद आणि दुखणी दोन्ही वेगळी समजावून सांगायला नकोत.

त्यात हवामान बदलले. रीसलिंगची तोडणी पूर्वी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चाले, ती आता सप्टेंबरमध्ये सरकू लागली आहे. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या तेराही वाइनप्रदेशांत कुठेच पुरेशी थंडी पडली नाही आणि प्रथमच देशभर आइसवाइन झाली नाही. तिकडे नाशिकला गोडी छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस फुलोऱ्यातच घड कुजवतो. वाचलेला माल उचलून व्यापारी पैसे बुडवून पसार झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. दोन्हीकडे द्राक्ष पिकवणारा माणूस तोच: आभाळाकडे बघणारा आणि भावाची वाट पाहणारा.

आपण काय करू शकतो? फार काही नाही, पण थोडे नक्की. वर्षातून दोनदा घ्यायची बाटली सुपरमार्केटऐवजी गावातल्या वेंगर्टरकडून किंवा सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्यावी. बाटलीमागे तीन-चार युरो जास्त जातील. ते पैसे दगडी भिंतीत जातात. तोडणीच्या वेळी बरेच छोटे बागायतदार हाताला हात हवा म्हणून ओळखीपाळखीच्यांना बोलावतात. मुलांना घेऊन एक शनिवार तिकडे द्यावा. बापाने पाठीवर टोपली घ्यावी, मुलांनी घड कापावेत. भाषेच्या तासापेक्षा जास्त श्वाबी एका दिवसात कानावर पडेल, आणि 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला नुसते शहराचे नाव न सांगता तिथल्या मातीचे काही सांगता येईल.

राहिला टेबलावरचा वाद. मी सुचवतो, की यंदा फराळाला एकाच उत्पादकाच्या दोन बाटल्या आणाव्यात, एक ट्रोकन आणि एक काबिनेट. लेबलवर कागद गुंडाळावा. आधी मिसळीबरोबर आणि मग लिंबू पिळलेल्या माशाबरोबर प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. निकाल घराघरांत वेगळा लागेल, पण बोलणे चवीबद्दल होईल, प्रतिष्ठेबद्दल नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या उतारावरची शेवटची रीसलिंग उतरते, आणि त्याच आठवड्यांत नाशिकचे शेतकरी गोडी छाटणीची कात्री हातात घेतात. इकडे तोडणी, तिकडे छाटणी. दोन्हीकडच्या बागांना चांगला हंगाम लाभो. शुभ दीपावली.